थिजलेलं तेल आणि त्रेचाळीस रोपं

बी तिचं होतं. हे आधी सांगतो, कारण त्या वर्षी माझा सगळा जीव त्या बियांत अडकला होता.

ती म्हणजे माझी बायको. नोटा बंद झाल्या त्या वर्षीच्या पावसाळ्यात गेली. लग्नात तिच्या आईनं तिला दागिना दिला नव्हता, पदराच्या गाठीत टोमॅटोचं बी बांधून दिलं होतं. बारकं फळ, वर चुण्या, साल पातळ, आणि आंबट असं की सुक्या बोंबलाच्या कालवणात दोन टाकले तर चिंच लागत नाही. आमच्या तलासरीच्या बाजूला आता सगळे पाकिटातलं बी लावतात. ते फळ टणक, अच्छाडच्या नाक्यावरून ट्रकनं कुठंही जावो, फुटत नाही. तिचं फळ डोक्यावरच्या टोपलीत बाजारापर्यंत नेलं तरी तळाशी रस व्हायचा. म्हणून लोकांनी ते टाकलं. तिच्या सख्ख्या भावानंही टाकलं. तिनं टाकलं नाही.

बी राखायची तिची रीत अशी. पहिल्या तोडीतलं चांगलं पिकलेलं फळ खायचं नाही. त्याचं बी शेणात आणि राखेत कालवायचं, तळहाताएवढी चकती थापायची आणि चुलीमागच्या कुडाच्या भिंतीला चिकटवायची. धुरानं चकती काळी पडते, कीड लागत नाही. थंडी आली की ती भिजवायची आणि वाफ्यात कुस्करायची. दरसाल कुडावर चार-पाच चकत्या असायच्या. शेवटच्या उन्हाळ्यात तिला उठवत नव्हतं, तरी बसून थापली. एकच.

ती गेल्यावर मी त्या चकतीकडे पाठ करून चहा करायचो.

पौषात एका सकाळी विळ्याच्या टोकानं चकती सोडवली. मुलगी कैनाडला दिली आहे, ती म्हणाली होती, "बा, यंदा राहू दे. पुढच्या साली मी येऊन लावीन." पण ते बी पुढच्या सालापर्यंत जगतं की नाही, मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या कुणाकडे ते नव्हतंच. हे मेलं तर संपलं, एवढं मला कळत होतं.

गोठ्याच्या आडोशाला वाफा केला, वर पेंढा अंथरला. त्रेचाळीस रोपं उभी राहिली. मी रोज मोजायचो. कोंबडी येऊ नये म्हणून काट्या लावल्या, काठी घेऊन बसायचोही. शेजारपाजारच्या बायका हसायच्या. हसू देत.

आता खरी अडचण पुढं. रोप वाफ्यातून शेतात कधी न्यायचं?

थंडीत नेलं तर रोप जागेवर बसतं, पान खालून जांभळं पडतं, वरून दव पडून करपतं. थंडी जायची वाट बघत बसलो तर उन्हाळा अंगावर येतो. मग फूल लागतं आणि उन्हानं गळून जातं, आणि चैत्रात विहिरीत बादली दगडाला लागते. मध्ये थोडे दिवस असतात. ते दिवस ती ओळखायची. चाळीस वर्षं मी सऱ्या काढल्या, शेणखत टाकलं, पाणी ओढलं. "आज लाव" हे मात्र ती म्हणायची. तिला कसं कळतं, हे मी एकदाही विचारलं नाही. बायकोला काय विचारायचं, असं वाटायचं. मी चौथीपर्यंत शिकलोय, तिला तेवढंही नव्हतं. आता लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू.

एकदा तिच्याविना लावून बघितलं होतं. ती जायच्या आधी दोन वर्षं. मुलीच्या बाळंतपणाला ती कैनाडला गेली होती, मी म्हटलं ही येईपर्यंत एक ओळ लावून टाकतो, हिला दाखवतो. ती आली, पिशवी हातातच होती, तशीच शेतात गेली. ओळ बघितली.

"यांना गार पाण्यानं न्हाऊ घातलंस काय रे?"

आमच्या पाड्यात बायका नवऱ्याला अरे-तुरे करतात, कुणाला वावगं वाटत नाही. मी म्हटलं, "होतील मोठी."

"होतील. तुझ्या वयाची होतील आणि अशीच उभी राहतील."

तिनं नंतर लावलेली रोपं माझ्या ओळीला मागं टाकून गेली. माझ्या ओळीला धड फळ धरलं नाही. ती त्यावर पुढं काही बोलली नाही, पण रोज त्याच ओळीवरून चालत विहिरीवर जायची. दुसरी वाट होती.

तर मला काय ठाऊक होतं? एकच गोष्ट. माघात रोज पहाटे चूल पेटवायच्या आधी ती कोनाड्यातली खोबरेल तेलाची बाटली हातात घ्यायची, आडवी करायची, बघायची. तेल थिजलेलं असलं की खाली ठेवायची. पातळ असलं की दोन-तीन दिवसांत "आज लाव" म्हणायची. हे मी बिछान्यातून एका डोळ्यानं बघितलेलं. थंडी असेल तर तेल तुपासारखं घट्ट होतं, हे तर पोरालाही कळतं. म्हणजे तिची खूण तीच, असं मी धरलं.

बाटली अजून कोनाड्यात होती. तिच्या हातचीच, तळाला थोडं तेल उरलेलं. मी लावलं नव्हतं, कुणाला लावू दिलं नव्हतं. धुरानं काच इतकी काळी की आत किती आहे ते दिसत नाही, आडवी केली की कळतं.

माघ लागल्यापासून मी रोज उठून बाटली आडवी करायचो. तेल हलायचं नाही.

मेहुण्याचं शेत माझ्या बांधाला लागून. मेहुणा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. त्यानं नेटचं शेड घातलंय, आत मिरची, बाहेर पाकिटातला टोमॅटो. त्यानं तो कधीच लावला होता. रोज बांधावर येऊन तंबाखू मळायचा आणि मला टोचायचा.

"भावजी, रोपं लावतोस की त्यांची लग्नं करतोस?"

"थंडी आहे अजून."

"तुला आहे. रोपाला नाही. रोपाचा देठ बघ, काठी झालीय. आता आठ दिवसांनी लावलीस तर मुळं धरणार नाहीत."

तो चेष्टा करत होता, पण देठाचं खरं होतं. वाफ्यात दाटी झाली होती. रोपं उंच, पातळ, एकमेकांवर रेललेली. खालची पानं पिवळी. मी हातानं देठ दाबून बघायचो, दरदिवशी जास्त कडक लागायचा.

"बी माझ्या आईचं आहे," एकदा तो म्हणाला. चेष्टा सोडून म्हणाला. "तू मारू नकोस."

"तू टाकलंस तेव्हा तुझ्या आईचं नव्हतं?"

तो उठून गेला. मला वाईट वाटलं नाही. त्या दिवसांत मला कुणाचंच वाईट वाटत नव्हतं. सकाळ झाली की आधी बाटलीकडे जायचो. तेल घट्ट. मग रोपं मोजायची, विहिरीत डोकावायचं. पाण्याच्या वरचा ओला पट्टा रोज रुंद होत होता, म्हणजे पाणी खाली जात होतं. एकीकडे थिजलेलं तेल, दुसरीकडे सुकत चाललेली विहीर, मध्ये मी. जेवण जाईना.

माघ अर्धा झाला तेव्हा मुलगी येऊन गेली. एक दिवस राहिली. भांडी घासली, घर सारवलं, माझ्या गुडघ्यांना चोळायला तिच्या सासूनं दिलेलं तेल आणलं होतं ते चोळून दिलं. मी तिला रोपं दाखवली. ती म्हणाली, "लाव ना आता, बा. कशाची वाट बघतोस?" मी सांगितलं नाही. बाटलीचं सांगायला लाज वाटली. दुपारी मी गुरांकडे गेलो, परत आलो तोवर ती केस विंचरून, वेणी घालून जायला निघाली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाटली आडवी केली आणि तेल धावलं.

मी परत उभी केली, परत आडवी केली. पाण्यासारखं पातळ. पण ओट्यावर आलो तर पायाखालची जमीन बर्फासारखी, तोंडातून वाफ, टाचा ठणकत होत्या. मी मनाशी म्हटलं, तू म्हातारा झालास, तुझ्या टाचांना बारा महिने थंडी. बाटलीला वय नाही.

दुसरा दिवस, तेल पातळ. तिसरा दिवस, पातळ. त्या तिसऱ्या पहाटे उत्तरेचा वारा इतका बोचरा होता की मी डोक्यावरून घोंगडी घेऊन शेतात गेलो. सरीत अनवाणी उभा राहिलो. पाय उचलून दुसऱ्या पायावर ठेवावा लागला. आणि तरी मी बाटलीचं ऐकलं.

मेहुणा बांधावर होता. "आज?" त्यानं विचारलं.

"आज."

"आज तर माझ्या मिरचीनं पानं मिटलीत."

"तुझी मिरची पाकिटातली आहे."

ऊन उतरल्यावर लावायला घेतलं. वाफ्याला पाणी दिलं, एकेक रोप मातीच्या गोळ्यासकट उचललं. कंबर मोडली. ती असती तर मी आळी करत पुढं गेलो असतो आणि ती मागून रोप बसवत आली असती, अंगठ्यानं माती दाबत. मला आळं करून, मागं वळून, रोप आणून, परत बसावं लागत होतं. अर्धी लावून थांबावं, अर्धी राखून ठेवावी, असं मनात आलं. पण तिनं कधी अर्धी लावली नव्हती. बाटली पातळ म्हणजे सगळी. त्रेचाळीस लावली.

दोन दिवसांत पानं खालून जांभळी झाली. तिसऱ्या सकाळी दवानं कडा काळ्या. रोपं मातीला धरून बसल्यासारखी, वाढ नाही, माना खाली. चार रोपं आडवी.

मी मुलीला फोन लावला. मी फोन करत नाही, म्हणून ती घाबरून दुपारीच आली. शेतात तिला दाखवलं आणि म्हटलं, "तुझ्या आयसची खूण खोटी निघाली."

"कुठली खूण?"

"तेलाची. बाटलीतलं तेल पातळ झालं की लावायचं. तीन दिवस बघितलं. चुकलो नाही मी."

तिनं तोंडावर हात ठेवला.

"बा, ते तेल आयसचं नव्हतं."

गुडघ्याचं तेल तिनं औषधाच्या बारक्या बाटलीतून आणलं होतं, ती बाटली सासूला परत हवी होती. कोनाड्यातल्या बाटलीतलं उरलेलं खोबरेल तिनं केसांना लावलं आणि हे तेल तिच्यात ओतून ठेवलं, मला हाताशी राहावं म्हणून. तिळाचं तेल. ते या थंडीत काय थिजणार.

मी तिला काय काय बोललो ते लिहीत नाही. तिच्या आईच्या हातचं शेवटचं तेल, तिनं केसांना लावून टाकलं, हे एक. रोपं मारलीस, हे दुसरं. आवाज इतका चढला की मेहुणा शेडमधून बाहेर आला.

ती रडली नाही. ती आईवर गेली आहे. म्हणाली, "तेल कुजायला ठेवायचं होतं काय? आणि कुणी सांगितलं तुला, आयस तेल बघून रोपं लावायची म्हणून?"

"मी बघितलंय. चाळीस वर्षं."

"तेल थिजलेलं असलं तर ती बाटली चुलीपाशी ठेवायची. केसांना लावायला, बा! दुसरं कशाला? लावायच्या आधी ती शेतात जाऊन उभी राहायची. अनवाणी. मी बारकी होते तेव्हा मलाही उभं करायची. पायाला सोसतं का विचारायची."

मेहुणा म्हणाला, "आमची आयस पण तसंच करायची."

"मग मला का नाही सांगितलंस?" मी त्याच्यावर ओरडलो.

"तू विचारलंस कधी?"

मी सरीत बसलो. पाय मला तीन दिवस सांगत होते. टाचा ठणकत होत्या, मी घोंगडी पांघरून उभा होतो आणि तरी बाटलीवर विश्वास ठेवला.

मुलगी थोडी नरमली. "खरं सांगू, मलाही पक्कं ठाऊक नाही. बाटली ती बघायची, हेही खरं आहे. दोन्ही बघत असेल. तिनं कुठं कुणाला सांगितलं?"

बोलत बसून रोपं वाचणार नव्हती. ऊन कलत होतं, वारा उत्तरेचाच. मेहुणा म्हणाला नेटचा तुकडा देतो. मुलगी म्हणाली, "नेटनं ऊन अडतं, थंडी नाही. घरामागची कौलं कुठं आहेत?"

घरावर पत्रे टाकले तेव्हा जुनी नळीची कौलं उतरवली होती. अर्धगोल, हातभर लांब. मी ती खड्ड्यात टाकणार होतो, बायकोनं टाकू दिली नाहीत. आठ दिवस भांडलो होतो त्यावरून. "सापाला घर करतेस," मी म्हणायचो. "तुझ्यापेक्षा साप बरा, ओरडत नाही," ती म्हणायची. कौलं तिथंच रचलेली, वर वेल चढलेला.

आम्ही तिघांनी घमेल्यानं कौलं वाहिली. एका रोपावर एक कौल, पाठ उत्तरेला, दक्षिणेची बाजू थोडी उघडी. एकोणचाळीस कौलं लागली. चार रोपं तोवर गेलीच होती.

मुलगी दुसऱ्या दिवशी गेली. तिचं घर आहे. मग रोज संध्याकाळी कौलं घालायची, सकाळी काढायची. आणि काढायची कधी, हा परत तोच प्रश्न. लवकर काढलं तर वारा खातो. उशीर झाला तर कौल तापतं आणि आत रोप शिजतं. मी सरीत अनवाणी उभा राहायचो. पाय दुसऱ्या पायावर न ठेवता उभं राहवलं की पहिलं कौल उचलायचो. कधी सूर्य बांधाच्या वर, कधी ताडाच्या निम्म्यावर. मेहुणा बांधावरून बघायचा. टोचायचा बंद झाला होता. एके दिवशी मी गेलो तर तो स्वतः अनवाणी माझ्या सरीत उभा होता, चपला बांधावर काढून.

"सोसतंय," तो म्हणाला.

मी उभा राहिलो. "मला नाही."

"तुझ्या टाचा म्हाताऱ्या."

"थांब जरा."

थांबलो. मग दोघांनी मिळून काढली.

तरी रोपं जात राहिली. सकाळी उचललेल्या काही कौलांखाली नुसता काळा देठ असायचा. शिवरात्र झाली आणि एका सकाळी जमीन पायाला काही बोललीच नाही. ना थंड, ना गरम. नुसती माती. त्या दिवसानंतर कौलं घातली नाहीत. मोजली. एकोणीस.

एकोणीस रोपांनी जांभळी पानं टाकून नवी पानं काढली. उशीर झालाच होता, ऊन चढलं आणि निम्मं फूल गळालं. विहिरीत बादली दगडाला लागायला लागली तेव्हा मेहुण्यानं त्याच्या बोअरचा पाइप बांधावरून माझ्या सरीत टाकला. मी मागितला नव्हता. फळं थोडी धरली. बारकी, चुण्यांची, तीच.

पहिलं पिकलं ते मी खाल्लं नाही. तोंडाला पाणी सुटलं होतं, घरात सुका बोंबील होता. खाल्लं नाही. आणखी पिकली, तीही ठेवली. शेण आणलं, राख घेतली, तीन चकत्या थापल्या. हात तिच्यासारखा बसत नाही, माझ्या चकत्या वाकड्या. एक चुलीमागच्या कुडाला लावली, तिच्या चकतीचा गोल डाग होता तिथंच. एक मुलीनं कैनाडला नेली. तिसरी मेहुण्याला दिली. त्यानं ती शेडच्या लोखंडी खांबाला चिकटवायला घेतली. मी म्हटलं, "खांबाला धूर लागतो काय रे? घरी चुलीपाशी लाव." त्याच्या घरी गॅस. तेव्हापासून त्याची चकती माझ्याच कुडावर असते, माझ्या चकतीशेजारी.

याला दोन वर्षं झाली. कोनाड्यातली बाटली मी धुतली, त्यात नवीन खोबरेल भरलं. ते मी रोज डोक्याला लावतो. थिजलं असलं की चुलीपाशी ठेवतो.

यंदा माघात मुलीचा फोन रोज पहाटे येतो. ती तिकडे तिच्या वाफ्यापाशी उभी असते, मी इकडे सरीत.

"बा, पाय?"

"गार आहेत. तुझे?"

"मला सोसतंय वाटतं."

"वाटतं म्हणजे नाही. चपला घाल आणि घरात जा."

"आणि तू?"

"मी उभा आहे अजून थोडा वेळ. उद्या कर फोन."